कानोसा आणि कर्णा

मराठीत ऐकण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कीर्तन आपण ऐकतो. रात्री अंगणात पाऊल वाजले, तर कानोसा घेतो. पहिल्या तऱ्हेत आवाज आपल्याकडे चालत येतो. दुसरीत आपल्यालाच आवाजाच्या मागे जावे लागते. स्पीकर आणि हेडफोन यांच्यातला फरक मला या दोन शब्दांत पुरता सापडतो.

विषय निघाला तो हेब्बाळमुळे. इथे बऱ्याच घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरवर गेम खेळते, आणि वायरलेस सेटशी जन्माचा संबंध असलेला माणूस म्हणून त्यांचे आई-वडील मला विचारतात, ‘हेडफोन घ्यावा की स्पीकर?’ एस. पी. रोडवरचा दुकानदार याचे उत्तर वॉट आणि रुपयांत देतो. ते चूक नसते, पण अपुरे असते. दोन्ही वस्तूंचे तत्त्व एकच: तारेतून विजेचा प्रवाह येतो आणि एक पातळ पडदा थरथरतो. जन्म मात्र अगदी वेगळ्या गरजांतून झाला. ती गरज समजली, की आपल्या घरात काय हवे ते ठरवणे सोपे जाते.

एका माणसाचे काम

टेलिफोन १८७६ चा. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आले १८८२ मध्ये. एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला जोडण्या करायला दोन्ही हात मोकळे हवे असत. त्या गरजेतून ऐकण्याचे यंत्र खांद्यावर टेकवण्याची, पुढे डोक्याला बांधण्याची कल्पना निघाली. म्हणजे हेडफोन पहिल्यांदा चढला तो काम करणाऱ्याच्या अंगावर, चैन म्हणून नव्हे, आणि तोही एकाच कानाला.

१९१० मध्ये अमेरिकेतल्या युटाह राज्यात नथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कानांचा हेडफोन बनवला. प्रार्थनागृहातले प्रवचन नीट ऐकू येत नाही, या अडचणीतून त्याचा हा शोध सुरू झाला असे सांगतात. त्याने नमुना अमेरिकी नौदलाकडे पाठवला. नौदलाने तपासून पाहिला आणि मागणी नोंदवली, तेव्हा बाल्डविनने कळवले की एका वेळी दहाच बनवता येतील, कारण जागा स्वयंपाकघराचीच आहे. जहाजावरच्या वायरलेस ऑपरेटरला त्या काळी इंजिनाच्या घरघरीत, खरखरीतून अगदी क्षीण संदेश वेचावा लागे. त्या कामाला हे यंत्र चपखल बसले.

दोन कानांचे महत्त्व त्याआधीच ध्यानात आले होते. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर डावीकडे आणि उजवीकडे मायक्रोफोन लावले आणि लांबच्या दालनात श्रोत्यांच्या हाती दोन-दोन रिसीव्हर दिले. गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला सरकतो आहे ते त्यांना डोळे मिटून कळू लागले. यामागचे शास्त्र लॉर्ड रेले यांनी १९०७ मध्ये मांडले. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही दोन-तृतीयांश एवढाच असतो. शिवाय आपल्या डोक्याची सावली पडून पलीकडच्या कानाला उंच पट्टीतला आवाज हलका ऐकू येतो. खर्जाच्या आवाजाची दिशा आपण मुख्यतः वेळेवरून ओळखतो, उंच आवाजाची जोरावरून.

पहिल्या महायुद्धात हे ज्ञान खंदकांत उतरले. पश्चिम आघाडीवर दोन्ही बाजूंचे सुरुंगवाले जमिनीखाली बोगदे खणत होते. शत्रूचा बोगदा कोणत्या दिशेला आहे हे ओळखण्यासाठी जिओफोन नावाचे साधन होते: जमिनीवर ठेवायच्या दोन चकत्या आणि त्यांना जोडलेल्या, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या दोन नळ्या, प्रत्येक कानात एक. कुदळीचा आवाज दोन्ही कानांत सारखा येईपर्यंत चकत्या सरकवायच्या, मग होकायंत्रावर दिशा वाचायची. ७ जून १९१७ रोजी मेसिन येथे ब्रिटिशांनी १९ सुरुंग उडवले, त्यामागे असे महिनोन्‌महिने श्वास रोखून ऐकणे होते. रडार येईपर्यंत विमानांचा मागही असाच काढला जाई: दांड्याच्या दोन टोकांना दोन मोठे कर्णे आणि त्यांच्या नळ्या एका सैनिकाच्या दोन कानांत.

समुद्रात तर कान हेच डोळे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आय. एन. एस. खुकरी बुडाली. पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने तिचा माग सोनारवर आवाज ऐकत काढला होता. खुकरीसोबत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. कोणत्याही खेळाची या रात्रीशी तुलना होत नाही आणि ती करूही नये. जो आधी ऐकतो त्याच्या हाती काय येते, एवढेच ही रात्र सांगते. हेडफोन या वंशातला आहे.

सगळ्यांचा आवाज

कर्ण्याची परंपरा दुसरी. तिचे मूळ नगाऱ्यात, शिंगात, तोफेत. बाजीप्रभू घोडखिंडीत लढत असताना महाराज विशाळगडावर पोचल्याची खूण तोफांच्या आवाजाने दिली गेली, ही १६६० ची कथा आपल्यात मूलही जाणते. त्या आवाजाचे सामर्थ्य असे की तो एकट्याच्या कानात सांगितलेला नव्हता. खिंडीतल्या प्रत्येकाला तो एकाच क्षणी कळला.

विजेवर चालणारा भोंगा आला १९१५ च्या सुमारास. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियात तो तयार केला. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन डिएगोच्या मैदानात सुमारे ५०,००० लोकांशी त्यातून बोलले. एका माणसाचा साधा आवाज एवढ्या गर्दीला एकाच वेळी ऐकू जाणे ही राजकारणातली नवीच गोष्ट होती. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा, आत हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला. आज टेबलावर असतो तो बहुतांशी त्याचाच वंशज.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्या काळातले स्वस्त क्रिस्टल रेडिओ हेडफोनवर ऐकावे लागत, म्हणजे घरात ऐकणारा एकच. स्पीकरवाला रेडिओ आला तेव्हा ओसरीवर चार माणसे जमू लागली. म्हैसूरमध्ये एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केले आणि ‘आकाशवाणी’ हे नाव रुळले, ते याच कर्नाटकात.

स्वातंत्र्यलढ्यात कर्णा आणि कानोसा दोन्ही एकाच माणसाच्या दुकानात भेटतात. मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरवले, गांधीजी आणि नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ते नाव आजही वाचता येते. त्याच कंपनीच्या नानिक मोटवाने यांना १९४२ मध्ये अटक झाली, कारण उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांच्या गुप्त काँग्रेस रेडिओला सामग्री पुरवल्याचा आरोप होता. पुढे ते निर्दोष सुटले. २७ ऑगस्टला सुरू झालेले ते केंद्र जागा बदलत राहिले आणि १२ नोव्हेंबरला पकडले गेले. मैदानात गरजणारा आवाज बंद पडला की लोक कानोसा घेऊ लागतात, असा याचा अर्थ.

कॉम्प्युटरला कंठ फुटला

१९८१ च्या आय. बी. एम. पी. सी. ला आवाज होता तो फक्त ‘टूं’ करण्यापुरता. डब्याच्या आत लहानसा स्पीकर होता आणि काही चुकले तर तो वाजे. १९८७ मध्ये ॲडलिब कार्डाने संगीत आणले आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टरने आवाजाचे ठसे. मग आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून किंवा एस. पी. रोडवरून दोन डबे आणि एक सबवूफर घरी येण्याचा काळ आला. कॉम्प्युटर हॉलमध्ये असे, त्यामुळे एक जण खेळे, मागे तिघे उभे राहून सल्ले देत. स्पीकर तिथे योग्यच होता, कारण तो खेळ सगळ्यांचा होता.

गेममधला आवाज मात्र हळूहळू कर्ण्याकडून कानोशाकडे सरकला. १९९३ च्या ‘डूम’मध्ये तुम्ही गोळी झाडली की तो आवाज ऐकून राक्षस जागे होत. म्हणजे आवाज शोभेपुरता राहिला नाही; तो खबर झाला. १९९६ च्या ‘क्वेक’ने इंटरनेटवरची समोरासमोरची लढाई रुळवली. १९९७ मध्ये ऑरियल कंपनीच्या ए-थ्री-डी तंत्राने हेडफोनमध्येच वर-खाली, पुढे-मागे अशी दिशा उभी करण्याचा प्रयत्न केला. युक्ती रेले यांचीच: दोन कानांतला वेळेचा फरक, जोराचा फरक आणि त्यावर बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे आवाजाला मिळणारी छटा. २००० मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ विक्रीला आला आणि आपल्या शहरांतल्या सायबर कॅफेंत एका खोलीत दहा-दहा मुले खेळू लागली. तिथे स्पीकर शक्यच नव्हता. त्या गेममध्ये चालताना पावलांचा आवाज करायचा की दबकत जायचे, हा डावपेच असतो. इन्फन्ट्रीतल्या कोणालाही ही भाषा ओळखीची वाटेल.

तेव्हा पहिले उत्तर इथेच मिळते. पावलांवरून शत्रू ओळखायचा असेल, तर हेडफोन. गोष्टीचा, संगीताचा, गाड्यांच्या शर्यतीचा, भावंडांसोबतचा खेळ असेल, तर स्पीकर.

खोली नावाचा तिसरा भिडू

स्पीकर आणि कान यांच्यामध्ये एक तिसरा असतो, तो म्हणजे खोली. हेब्बाळहून शहराकडे जाताना मेखरी सर्कलजवळ सी. व्ही. रामन यांनी १९४८ मध्ये उभारलेली संस्था लागते. प्रकाशाच्या संशोधनासाठी ते जगाला माहीत आहेत, पण आवाज हा त्यांचा जुना ध्यास. तबला आणि मृदंग यांच्या स्वरांवर त्यांनी लिहिले आणि १९२१ मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या कुजबुज सज्ज्याचा अभ्यास केला. तिथे गोल भिंतीशी पुटपुटलेला शब्द भिंत धरून पलीकडच्या टोकाला पोचतो.

आपल्याला त्यासाठी लंडनला जायला नको. विजापूरचा गोलघुमट १६५६ चा. तिथे एका टाळीचे पडसाद पुन्हा पुन्हा परततात. रायगडावर नगारखान्याच्या दारात हलक्या आवाजात बोललेले सिंहासनाच्या जागी ऐकू जाते, हे दाखवल्याशिवाय तिथला गाइड पुढे सरकत नाही. भिंती आवाज नेतात, परत पाठवतात, मिसळतात. दरबारासाठी हा गुण, पण दिशा ओळखायची असेल तर हाच दोष.

फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली, गुळगुळीत फरशी, काचेची खिडकी, समोर रिकामी भिंत: हा आपला छोटा गोलघुमटच. डावीकडच्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही जातो, वर भिंतीवरून उलटून येतो, आणि पाऊल नक्की कुठे वाजले ते पुसट होते. उपाय स्वस्त आहेत. दोन स्पीकर आणि खेळणारा यांचा समभुज त्रिकोण करा. स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. जड पडदा, सतरंजी, पुस्तकांचे कपाट यांनी पडसाद निवतात. पाचशे रुपयांची सतरंजी कधी कधी पाच हजारांच्या स्पीकरपेक्षा जास्त काम करते.

हेडफोन खोलीला वगळतो, हे त्याचे बळ. पण त्याची किंमत असते. प्रत्यक्षात आवाज पुढून आला की मागून अशी शंका आली, तर आपण मान किंचित वळवतो आणि मेंदूला उत्तर मिळते. हेडफोन घातल्यावर मान वळवली तरी आवाजाचे जगही सोबत वळते, म्हणून पुढे-मागे गफलत होते. गेममध्ये मानेचे काम माउस करतो. चांगला खेळाडू शंका आली की माउस थोडा हलवतो, तो त्यासाठीच.

पहाऱ्यावरचा कान

हेब्बाळपासून जालहळ्ळी जवळच. तिथे १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स सुरू झाली, आणि आमच्या कित्येक पिढ्यांनी पाठीवर वाहिलेले वायरलेस सेट तिचे. त्या सेटचा वापर पाहिला तर हा सारा प्रश्न सुटलेला दिसतो. सेट गस्तीवर गेला की आवाज ऑपरेटरच्या कानात, आणि तोही बहुधा एकाच. दुसरा कान रानासाठी मोकळा. तोच सेट कमांड पोस्टवर आला की स्पीकरवर लावतात, कारण तिथे पाच माणसांना एकच चित्र एकाच वेळी कळायला हवे. कोणता आवाज चांगला, हा वाद तिथे कोणी घालत नाही. काम कोणाचे, एकाचे की सगळ्यांचे, एवढेच पाहतात.

आणखी एक शिस्त आहे. लिसनिंग पोस्टवर कितीही थंडी असली तरी जवान कानटोपी कानांवरून वर सरकवतो. माजी सैनिकांना हे सांगायला नको. बंद कानांचा पहारेकरी जागा असून झोपलेला. घरात दोन्ही कान घट्ट झाकून चार तास बसलेला मुलगा मला तसाच दिसतो. त्याला दारावरची बेल ऐकू येत नाही, शेजारच्या खोलीतल्या आजीची हाक ऐकू येत नाही, कुकरची शिट्टीही नाही. घरात एकट्या मुलाला सांभाळायला दिलेले वृद्ध किंवा लहान भावंड असेल, तर हा गैरसोयीचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे.

त्याहून मोठा प्रश्न कानांचा. आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, एका कानात सुमारे १५,०००. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याला चारच तास उरतात. गेमच्या आवाजासाठी या संघटनेने २०२५ मध्ये वेगळे मानक काढले, यावरून प्रश्नाचा आकार कळावा. तोफखान्यातल्या आणि फायरिंग रेंजवर आयुष्य घालवलेल्या माणसांना कानातली न थांबणारी शिट्टी ठाऊक आहे. त्यांनी ती कर्तव्यापोटी पत्करली. खेळापोटी ती घेण्यात काही अर्थ नाही.

हे आई-वडिलांना पटत नसेल तर एक आकडा सांगतो: ६१० सेंटिमीटर. एन. डी. ए. च्या वैद्यकीय तपासणीत उमेदवाराला एवढ्या अंतरावरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने स्वतंत्रपणे ऐकू यावी लागते. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तेव्हा पहिला घाव सहसा ४,००० हर्ट्‌झच्या आसपासच्या उंच आवाजांवर पडतो. कुजबुजीत घोगरा कंठस्वर नसतोच. ती मुख्यतः ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या हवेच्या आवाजांवर चालते. म्हणजे जे आधी हरवते, नेमके तेच तिथे मागतात. गेममध्ये बाजी मारून देणारी पावलांची बारीक खसखसही त्याच पट्टीतली. मोठ्या आवाजात खेळणारा आपलेच हत्यार बोथट करत असतो.

मग घ्यावे काय

घरात एकच घेता येत असेल, तर आधी वेळ विचारा. रात्री १० ते सकाळी ६ हा काळ ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी शांततेचा ठरवला आहे, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खेळ रात्रीचाच असेल, तर शेजाऱ्यांसाठी हेडफोन घ्यावा लागेल. दिवसा, सगळ्यांसोबत खेळायचे असेल तर स्पीकर घ्या. साधे दोन पुरे, सबवूफरशिवाय. वरच्या मजल्याच्या झोपेचा शत्रू तोच असतो.

हेडफोन घेताना खोली शांत असेल, तर पाठ उघडी असलेला, म्हणजे ओपन-बॅक, घ्या. त्यात आवाज मोकळा लागतो आणि घराची हाकही कानावर येते. खिडकीखाली हेब्बाळच्या फ्लायओव्हरसारखी रहदारी असेल तर बंद पाठीचा बरा, कारण बाहेरचा गोंगाट अडला की आवाज कमी ठेवून भागते. मात्र त्याचा फायदा आवाज खरोखर कमी ठेवला तरच. ठेवायचा किती, याचा घरगुती नियम असा: हेडफोन घालून बसलेल्याला हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारा. वळून पाहिले तर ठीक. नाही तर आवाज उतरवा.

गस्तीवर असतो तसा तासाला एक थांबा ठेवा. दहा मिनिटे हेडफोन काढायचा, खिडकीशी उभे राहायचे आणि नुसता कानोसा घ्यायचा. तळ्याकडचे पक्षी, रस्त्यावरचा हॉर्न, स्वयंपाकघरातले भांडे, कोण कुठे आहे ते डोळे मिटून ओळखायचे. कोणत्याही दुकानात मिळत नाही असा दोन कानांचा संच प्रत्येकाला जन्मतः मिळतो, आणि तो बदलून मिळत नाही.